हे वचन नेमके कोणाचे?

(ग्रंथालयाच्या शताब्दी-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलावे असे कार्यवाहांचे पत्र आले तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे अशीच माझी प्रथम समजूत झाली. माझ्यापूर्वी या व्यासपीठावरून बोलून गेलेली मंडळी विद्वान होती. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक. माझ्या नावावर ग्रंथ नाही, प्रबंध नाही. आहे ती एक वही, आणि तीही माझी नव्हे, वडिलांची. त्या वहीतील वचनांची मूळस्थाने शोधण्यात माझी गेली सोळा-सतरा वर्षे गेली आणि त्यातील बराचसा काळ या इमारतीच्या वाचनकक्षात, खिडकीजवळच्या टेबलाशी गेला. तेव्हा त्या टेबलाचे ऋण मान्य करावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

आमचे नाना बडोदे संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, खात्याचे नाव बदलले, साहेब बदलले. नानांचे टेबल मात्र तेच राहिले. पावतीवाचून नोंद करावयाची नाही, हा त्यांचा बाणा. घरखर्चाच्या वहीतसुद्धा भाजीचा पैसा कोणत्या तारखेस कोणाला दिला ते लिहिलेले असे. या माणसाने लाल कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत, १९३४ पासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत, आवडलेली वचने उतरून ठेवली. सुमारे चारशे आहेत. ओव्या, अभंग, श्लोक, भाषणांतील वाक्ये, इंग्रजी सुभाषिते. अक्षर मोत्यासारखे. आणि प्रत्येकाखाली उजव्या बाजूस फक्त एक नाव : तुकाराम, समर्थ, भर्तृहरी, गांधीजी, व्हॉल्तेअर. ग्रंथ नाही, अध्याय नाही, पान नाही. भाजीच्या पैशाला पावती मागणाऱ्या माणसाने तुकोबांकडे पावती मागितली नाही! ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला मला स्वतःला साठी ओलांडावी लागली.

निवृत्तीनंतर ग्रंथालयाच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहिण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. आपल्यापैकी अनेकांनी तो फळा वाचला असेल. साहित्य आयते हाताशी होते. नानांची वही उघडावी, एक वचन घ्यावे, खाली नाव लिहावे, खडूचा हात झटकावा आणि वर्तमानपत्र घेऊन बसावे. सहा वर्षे हे निर्वेध चालले. शाळकरी मुले येता-जाता ते वहीत उतरून घेत. एका शाळेच्या स्मरणिकेत माझ्या फळ्यावरची आठ-दहा वचने नावांसह छापून आलेली पाहिली तेव्हा मला धन्यता वाटली होती.

मग एका सकाळी एक वृद्ध सभासद बाई फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडले नसते, म्हणून घेत नाही. जुन्या काळी संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेल्या, नित्य वाचणाऱ्या, अत्यंत मितभाषी. त्या दिवशी फळ्यावर तुकोबांच्या नावाने एक वचन होते. देणे फेडताना पैसा मोजावा, उपकार मोजू नये, अशा आशयाचे. बाईंनी विचारले, “मास्तर, हे तुकोबांनी कुठं म्हटलंय हो?”

“गाथेत आहे,” मी म्हणालो.

“गाथेत कुठं?”

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या कपाटातून गाथा काढून घेऊनच. माझ्यासमोर ती ठेवली आणि म्हणाल्या, “दाखवा. मला त्याच्या पुढची ओळ वाचायचीय.” त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरीच पुढची ओळ हवी होती. आणि माझ्यापाशी ती नव्हती.

या वचनाशी माझा संबंध निराळा होता, तो सांगणे भाग आहे. माझ्या महाविद्यालयीन शिक्षणाची फी नानांच्या एका स्नेह्याने भरली होती. मी नोकरीस लागल्यावर, १९६८ साली, ती रक्कम परत करण्यासाठी नाना मला त्यांच्याकडे घेऊन गेले. वाटेत, न्यायमंदिराच्या पुढे आल्यावर, त्यांनी हे वाक्य मला सांगितले. पुढे वहीत ते तुकोबांच्या नावावर पाहिले आणि माझ्या मनात ते तुकोबांचेच होऊन बसले. तेव्हा बाईंनी प्रश्न विचारला तो माझ्या दृष्टीने एका फळ्यापुरता राहिला नाही.

मी गाथा वाचावयास घेतली. प्रथम अर्थातच अनुक्रमणिका पाहिली. पण कोणत्याही गाथेची अनुक्रमणिका अभंगांच्या आरंभीच्या शब्दांवरून केलेली असते, आणि आपल्या स्मरणात राहते ती ओळ बहुधा अभंगाच्या पोटातली किंवा शेवटची असते. म्हणजे जे आठवते त्यावरून अनुक्रमणिकेत शोधता येत नाही, आणि अनुक्रमणिकेत जे असते ते आठवत नाही. यास उपाय एकच, पहिल्या अभंगापासून शेवटच्या अभंगापर्यंत वाचणे. मला अकरा महिने लागले. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादिलेली आणि १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघालेली गाथा, आणि मुंबई सरकारने १९५० साली काढलेली गाथा, या दोन्हींत मी पाहिले. मग वारकरी मंडळींत चालणाऱ्या इतर प्रती पाहिल्या. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक गाथेचा अभंगक्रम निराळा. एकीतला सातशेवा अभंग दुसरीत दोन हजारांच्या पुढे सापडावा. नुसता ‘तुकाराम, अभंग अमुक’ असा आकडा लिहिला आणि आवृत्ती लिहिली नाही, तर तो आकडा टाकून दिलेल्या घराच्या पत्त्यासारखाच निरुपयोगी.

ते वचन मला कोठेही मिळाले नाही.

अकरा महिने वाया गेले असे मात्र म्हणवत नाही. तुकोबांचे नाव वहीत एकंदर त्रेपन्न वचनांखाली होते. त्यांपैकी सदतीस वचने वाचता वाचता हाती लागली. आणि मी शाळेत तीस वर्षे तुकाराम शिकवूनही संपूर्ण गाथा कधी वाचली नव्हती, हे आज आपणापुढे कबूल करावयास हरकत नाही.

उरलेल्या सोळांचे काय? अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव असले म्हणजे कर्तृत्वाचा प्रश्न मिटला असे आपण धरून चालतो. पण नाममुद्रा ही कुलपासारखी नसते, ती कोणासही लावता येते. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदासनाम्याची रचना मिसळली गेली, आणि दोघांची निवड करताना अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. येथे कोणी लबाडी केली असे नाही. भक्तिभावाने गाणाऱ्याला दोन नामे एकच वाटले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. आपली ओवी ज्ञानेश्वरीत घुसडणाऱ्याला त्यांनी जी तंबी देऊन ठेवली आहे, त्यात अमृताचे ताट आणि नरोटी यांचा दृष्टान्त आहे. तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. माझ्या फळ्यावर मी सहा वर्षे किती नरोट्या ठेवल्या, याचा हिशेब मग मी करू लागलो.

फळ्यावर वचन लिहिणे मी थांबविले नाही, पण मूळस्थान सापडलेलेच लिहावयाचे असे ठरविले. परीक्षांचे दिवस होते. दरवर्षी त्या सुमारास मी एक हमखास वचन लिहीत असे, वाळू रगडून तेल काढण्याचे. वहीत त्याखाली ‘समर्थ’ असे नाव होते. बाईंनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी जाताना माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेल्या. चिठ्ठीत लिहिले होते : ‘मनाचे श्लोक भुजंगप्रयातात. हा शिखरिणीत. वामनपंडित पाहावा, भर्तृहरीचे नीतिशतक. चारही चरण वाचावेत.’

मनाचे श्लोक दोनशे पाच, सगळे एकाच वृत्तात. हे मी मुलांकडून पाठ करवून घेत आलो होतो. वाळू-तेलाची ओळ गुणगुणून पाहिली असती तरी ती त्या चालीवर बसत नाही हे कळले असते. कान होते, पण नावापुढे कानाचे चालले नाही. वामनपंडितांचे भाषांतर काढले, चारही चरण वाचले आणि अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला. आपण सारे हा पहिला चरण प्रयत्नवादाचा मंत्र म्हणून वापरतो. श्लोकाचे म्हणणे निराळेच आहे. वाळूतून तेल निघेल एकवेळ, मृगजळाने तहान भागेल एकवेळ, रानात हिंडता हिंडता सशाचे शिंगही सापडेल. पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन काही केल्या वळवता येणार नाही, असा तो श्लोक आहे. म्हणजे भर्तृहरीने अशक्याची तीन उदाहरणे दिली, ती चौथे त्याहूनही अशक्य हे दाखविण्यासाठी. त्यातले पहिले उदाहरण उचलून आम्ही ते शक्यतेचे प्रमाणपत्र म्हणून परीक्षेच्या तोंडावर मुलांच्या हाती देतो! मूळस्थानाचा शोध हा केवळ नाव दुरुस्त करण्याचा उद्योग आहे असे मला तोवर वाटत होते. वचन ज्या ठिकाणाहून तोडले त्या ठिकाणी पुन्हा नेऊन लावले, की त्याचा अर्थसुद्धा परत येतो, हे त्या चिठ्ठीने शिकविले. बाईंना पुढची ओळ का हवी होती, तेही तेव्हा समजले.

भर्तृहरीपाशी पोहोचलो म्हणून काम संपले असेही नाही. गोमंतकात जन्मलेले आणि व्यवसायाने गणिती असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली. पावणेचारशेच्या घरात हस्तलिखितांची छाननी केली. तीन शतके म्हणजे तीनशे श्लोक असावयाचे. निरनिराळ्या प्रतींत मिळून निघाले ८५२. त्यांपैकी सर्व परंपरांत साधारणपणे आढळणारे असे दोनशेच. बाकीचे कोणी कोठून आणून घातले ते ज्याचे त्याला ठाऊक. ग्रंथाचे नाव ठेवतानाही कोसंबींनी ‘भर्तृहरीची सुभाषिते’ असे म्हटले नाही. ‘भर्तृहरीच्या नावावर असलेली’ असे म्हटले. हा एक शब्द लिहिण्याचा अधिकार मिळविण्यासाठी त्यांनी केवढे कष्ट केले! कोणी निखालसपणे म्हणू लागले की हे अमक्याचेच वचन, तर मला ते शीर्षक आठवते.

आपण बडोदेकर या बाबतीत भाग्यवान आहोत, आणि याची आपणास पुरेशी जाणीव नाही असे मला वाटते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली, तिचा १९१६ सालचा पहिला ग्रंथ म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. या ग्रंथात ‘हरण’ या विषयाला, म्हणजे एका कवीने दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याला, स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. किती उचलले तर चोरी, कसे उचलले तर कौशल्य, याची बारकाईने वर्गवारी आहे. कवींना आणि व्यापाऱ्यांना एका रांगेत बसवून त्याने जी थट्टा केली आहे ती मुळातूनच वाचावी. पुढे १९३८ साली याच मालेत जल्हणाची ‘सूक्तिमुक्तावली’ निघाली. जल्हण हा देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या गजदळाचा अधिकारी. हा सुभाषितसंग्रह १२५८ सालचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या बत्तीस वर्षे आधीचा. या संग्रहात श्लोकांबरोबर कवींची नावे जपलेली आहेत. कवींविषयी राजशेखराच्या नावे असलेले श्लोकही त्यात आहेत, आणि काही कवींचा, विशेषतः काही स्त्रीकवींचा, मागमूस आपल्याला अशा संग्रहांमुळेच लागतो. मूळ काव्य बुडाले. कोणी एकाने आपल्या वहीत श्लोक उतरताना खाली नाव लिहिले म्हणून कवयित्री उरली. नानांच्या वहीतल्या उजव्या बाजूच्या नावांकडे मी तोवर जरा रागानेच पाहू लागलो होतो. जल्हण वाचल्यावर तो राग निवळला.

याउलट आपल्या घरोघरी असे ते ‘सुभाषितरत्नभांडागार’. काशीनाथ पांडुरंग परब यांनी ते सिद्ध केले, निर्णयसागराने छापले आणि त्यावाचून एकाही कीर्तनकाराचे, वक्त्याचे वा संस्कृत शिक्षकाचे पान हलले नाही. विषयवार मांडणी, हवा तो श्लोक क्षणात हाती. पण जुन्या आवृत्त्यांत शेकडो श्लोकांना कर्ता नाही आणि ग्रंथही नाही. बोथलिंक नावाच्या जर्मन पंडिताने त्याच सुमारास साडेसात हजारांवर संस्कृत सुभाषिते तीन भागांत छापली, त्यांत मात्र प्रत्येक वचन कोठून घेतले त्याचा निर्देश आहे. लुडविक स्टर्नबाख यांचा ‘महासुभाषितसंग्रह’ १९७४ पासून होशियारपूरहून निघू लागला तो याच शिस्तीचा. परबांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी वक्त्यांसाठी ग्रंथ केला, आणि वक्त्याला श्लोक हवा असतो, पत्ता नको असतो. अडचण एवढीच की पुढे सारा समाजच वक्ता झाला.

अर्वाचीन वचनांची कथा आणखी गमतीची आहे. ग्राहक हा आपल्या दुकानात येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाची गांधीजींच्या नावाची पाटी आपण असंख्य दुकानांत आणि बँकांत पाहिली आहे. नानांनीही ती उतरून घेतली होती. काही पाट्यांवर खाली असेही असते की हे भाषण गांधीजींनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेत केले. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ साली! त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झाले. इतके लेखन, इतकी पत्रे, इतकी भाषणे तारीखवार लावून ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक क्षम्य नाही. त्या मजकुराशी मिळताजुळता मजकूर १९४१ साली अमेरिकेत, एका मोटार-कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या तोंडी छापलेला आढळतो. एका दुकानदार स्नेह्यास मी हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, त्या मोटारवाल्याचा फोटो लावला तर गिऱ्हाईक थांबंल का?” यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. वचन आपल्याला पटते ते पुष्कळदा खालच्या नावामुळे. व्हॉल्तेअरचे म्हणून आपण वादसभांतून जे वाक्य ठणकावून सांगतो, तुझे मत मला अमान्य असले तरी ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन या अर्थाचे, ते व्हॉल्तेअरने लिहिलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९०६ साली, इव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने त्याच्या वृत्तीचे वर्णन करताना ते लिहिले. तेही स्वतःच्या नावाने नव्हे, एका पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने. तिचे नाव किती वक्त्यांना ठाऊक आहे?

सगळीच नावे खोटी असतात असे समजण्याचेही कारण नाही. काही वचनांना एकावर एक दोन-तीन घड्या असतात. विवेकानंदांच्या तसबिरीखाली उठण्याचे आणि जागे होण्याचे जे आवाहन आपण वाचतो, ते कठोपनिषदातले. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतला चौदावा मंत्र. स्वामीजींनी ते जाणूनबुजून घेतले आणि आपल्या काळाला ऐकविले, तेव्हा तसबीर खोटी नव्हे. पण मूळ मंत्र पाहिला तर त्याच्याच उत्तरार्धात वस्तऱ्याच्या धारेची ती प्रसिद्ध उपमा आहे, जिच्यावरून सॉमरसेट मॉमने १९४४ साली कादंबरीला नाव दिले. एका मंत्राचा पूर्वार्ध भिंतीवर आणि उत्तरार्ध इंग्रजी कादंबरीच्या कपाटात. दोन्ही एकत्र पाहिले तेव्हा त्या आवाहनातले कष्ट मला पहिल्यांदा जाणवले.

अलीकडे मोबाइलवर रोज सकाळी वचने येतात. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावांवर तर इतका मजकूर फिरतो की दोघांनी आणखी एकेक जन्म घेऊन लिहिले असते तरी तो पुरा झाला नसता. मी त्यास फार दोष देत नाही. मी खडूने जे करीत होतो तेच हे लोक बोटाने करतात, वेग तेवढा वाढला.

माझी पद्धत विचारणारे काही तरुण सभासद आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक वचनासाठी मी एक स्वतंत्र चिठ्ठी करतो. ग्रंथ, आवृत्ती, साल, पान हे तर लिहावयाचेच. पण त्याआधी मला ते वचन प्रथम कोठे भेटले ते लिहितो. फळ्यावर, कॅलेंडरवर, नानांच्या वहीत, कोणाच्या तोंडून. मग मागची आणि पुढची ओळ उतरून घेतो, आणि बोलणारे पात्र कोण ते लिहितो. नाटकातल्या खलपुरुषाचे वाक्य नाटककाराचे मत म्हणून आपण खुशाल उद्धृत करतो, म्हणून ही खबरदारी. जुन्या मराठी शब्दांसाठी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मला फार उपयोगी पडला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या या सात खंडांत शब्दाच्या अर्थापुढे जुन्या ग्रंथांतील उदाहरणे आणि त्यांची स्थळे संक्षेपाने दिलेली आहेत. वचनातला सर्वांत अनोळखी शब्द धरावा आणि कोशात पाहावा, की पुष्कळदा ओवीच समोर उभी राहते. म्हणींसाठी त्यांचाच ‘वाक्संप्रदाय कोश’. आता गाथा आणि ज्ञानेश्वरी संगणकावर शोधता येतात, मला अकरा महिने लागले ते काम क्षणात होते. अवश्य करावे. मात्र तेथे सापडलेले वचन छापील पानावर एकदा पाहून घ्यावे, आणि तेथे सापडले नाही म्हणून नाहीच असे समजू नये. एका अनुस्वाराच्या किंवा ऱ्हस्वदीर्घाच्या फरकाने यंत्र रिकाम्या हाताने परत येते.

आता नानांचे ते वाक्य. बाई वारल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला पुन्हा एकदा विचारले होते, “सापडलं का हो?” मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, “वही पाहू.” वही मी त्यांना दिली. त्यांनी वचन वाचले नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान पाहिले. आधीची नोंद एका दिवाळी अंकातील होती. तो अंक १९६७ सालचा निघाला, तो आपल्याच कपाटात मिळाला. म्हणजे ही नोंद त्यानंतरची. आणि वाटेवर नानांनी ते वाक्य मला सांगितले ते १९६८ सालच्या जूनमध्ये. त्यांनी ते कोठून तरी वाचून मला सांगितले, की मला सांगून झाल्यावर घरी येऊन वहीत लिहिले, हे ठरविण्यास यापुढे पुरावा नाही. लिहिलेच असेल, तर खाली स्वतःचे नाव घालणे त्यांच्याने झाले नसते. कर्जाच्या वह्या इंद्रायणीत बुडविणारे म्हणून परंपरा ज्यांना ओळखते त्या तुकोबांच्या नावावर ते त्यांनी जमा केले असावे. हा माझा तर्क. बाई फक्त एवढेच म्हणाल्या, “तुकोबांचं नाव काढा. वडिलांचं घालू नका. जे माहीत आहे तेवढं लिहा.”

त्याप्रमाणे चिठ्ठी केली आहे : ‘वडिलांच्या तोंडून ऐकले, बडोदे, न्यायमंदिरासमोर, जून १९६८. वहीत तुकारामांच्या नावे. गाथेत आढळले नाही.’

ही वही आणि चिठ्ठ्यांची खोकी मी आज ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. चारशेंपैकी तीनशेच्या आसपास वचनांच्या चिठ्ठ्या पुऱ्या झाल्या आहेत. ज्या शाळेच्या स्मरणिकेत माझ्या चुका छापल्या गेल्या, तेथे दुरुस्तीचे पत्र मी पूर्वीच दिले आहे. त्यात वाळू-तेलाचा श्लोक चारही चरणांसह लिहून पाठविला. राहिलेल्या वचनांची यादी उद्यापासून देवघेवीच्या टेबलावर ठेवलेली असेल. त्यांत समर्थांच्या नावावरची एकवीस आहेत, इंग्रजी तेरा आहेत आणि एक गुजराती आहे, जिथे माझी अगदीच गती नाही. कोणास एखादे आढळल्यास ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पान चिठ्ठीवर लिहून शेजारच्या पाकिटात टाकावे. पुढची ओळही लिहावी.